पक्क्या वह्या

माझा स्वभाव चांगला नाही, हे आधीच सांगून टाकते. दुसऱ्याच्या कामातली चूक मला लांबून दिसते आणि दिसली की बोलून दाखवल्याशिवाय चैन पडत नाही. लग्नाच्या पंगतीत मीठ वाढायचं राहिलं, हे सगळ्यात आधी माझ्याच लक्षात येतं. आई म्हणायची, "पायाला भिंगरी आणि जिभेला धार. तुला कुणी पत्करायचं?" कुणी पत्करलं नाही, आणि मीही फारशी वाट पाहिली नाही. पण नव्वदच्या दशकात बंगलोरला याच स्वभावावर माझी नोकरी उत्तम चालली होती.

त्या वर्षांत शहरातल्या लहानमोठ्या सगळ्या कंपन्यांना गुणवत्तेच्या प्रमाणपत्राचं वेड लागलं होतं. प्रमाणपत्र हवं तर प्रत्येक गोष्टीची नोंद हवी, आणि नोंदी तपासायला माझ्यासारखं माणूस हवं. इंदिरानगरातल्या आमच्या कंपनीत यंत्रांचे सुटे भाग तयार व्हायचे. मी कागद घेऊन जिन्यात दिसले की खालच्या मजल्यावर टेबलं आवरायची धांदल उडायची. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू?

वडील गेल्यावर आई पुण्याहून माझ्याकडे आली. मल्लेश्वरममध्ये वरच्या मजल्यावर आमच्या दोन खोल्या होत्या आणि खाली घरमालक राहायचे. त्यांचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी इकडे आलेले. घरात अजून मराठी, पण तिच्यात कानडी इतकी मुरलेली की ते लोक आपसात भांडतायत असं आईला पहिले दोन महिने वाटत होतं. मी सकाळी धडाधड जिना उतरायला लागले की घरमालक ओट्यावरून ओरडायचे, "अक्का, स्वल्प हळू उतरा की! पायऱ्या उभ्या आहेत." जिना खरंच उभा होता, मधे एक वळण, आणि जेमतेम दोन माणसं अंग चोरून मावतील इतका अरुंद. मी तो दिवसातून चारदा चढायचे-उतरायचे. आईचे गुडघे गेलेले होते, त्यामुळे ती वरच असायची.

एके दिवशी एका शिक्षणसंस्थेचं पत्र आलं. तिथे आपत्ती व्यवस्थापनाचा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम नवा सुरू झाला होता. पहिली तुकडी शेवटच्या सहामाहीत होती आणि अभ्यासक्रम पुढे चालवायचा की नाही, हे ठरवण्यासाठी तिघांची समिती नेमली होती. अध्यक्ष पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले अभियंते, दुसरे एक बाहेरचे प्राध्यापक आणि तिसरी मी, उद्योगक्षेत्राची प्रतिनिधी. माझं नाव आमच्या साहेबांनी सुचवलं होतं. निदान चार दिवस ही बाई दुसऱ्यांच्या मागे लागेल, एवढाच त्यांचा हेतू असावा.

आपत्ती व्यवस्थापन हे नाव वाचून मला हसूच आलं होतं. किल्लारीच्या भूकंपाला फार वर्षं झाली नव्हती, तेव्हाची वर्तमानपत्रं डोळ्यांपुढे होती. असं काही घडल्यावर वर्गात बसून काढलेल्या टिपणांचा कुणाला काय उपयोग, असं माझं मत. पण काम घेतलं म्हणजे नीट करायचं. कुठल्याही तपासणीआधी मी एक सूचनापत्रक पाठवते, तसं इथेही पाठवलं. टाइप केलेलं एकच पान. सर्व नोंदी एकाच नमुन्यात असाव्यात, पानांना क्रमांक असावेत, खाडाखोड नसावी, शाई एकच असावी, सुटे कागद आणि चिठोऱ्या विभागात ठेवू नयेत. खाली माझी सही. कंपनीत हे पत्रक इतक्यांदा गेलं होतं की मी ते न वाचताच सही करायचे.

ठरल्या दिवशी आम्ही तिघं तिथे गेलो. विभाग म्हणजे इमारतीच्या मागच्या अंगाला तीन खोल्या. भिंतींना नुकताच रंग दिलेला, वास जात नव्हता. विभागप्रमुख भूगर्भशास्त्राचे जुने प्राध्यापक होते, निवृत्तीला आलेले. त्यांनी हा अभ्यासक्रम जवळजवळ एकट्याने उभा केला होता आणि ते उगाचच सारखे हसत होते. सात विद्यार्थी फोटोला उभे केल्यासारखे भिंतीला लागून उभे. चहा घेताना अध्यक्ष हळूच म्हणाले, "आपला शेरा वाईट गेला तर हा विभाग बंद होईल. या सात जणांना पर्यावरणशास्त्रात घालतील, पदवीवर तेच नाव येईल. तेव्हा जरा बघून." मी मान डोलावली. मनात म्हटलं, बघायलाच तर आले आहे.

त्यांच्या अभ्यासक्रमाचा मुख्य भाग होता क्षेत्रकार्य. शहराच्या पूर्वेला एका तळ्याच्या उतारावर मजुरांची वस्ती होती आणि दर पावसाळ्यात तळं भरलं की पाणी घरांत शिरायचं. विद्यार्थी दोन पावसाळे तिथे जात होते. घरात माणसं किती, आपल्या पायांनी बाहेर पडू न शकणारं कोण, पाणी कुठून येतं, लोक कुठल्या वाटेने बाहेर पडतात, अशा घराघराच्या नोंदी त्यांनी केल्या होत्या. त्या सात वह्या टेबलावर मांडून ठेवल्या होत्या. तपकिरी कव्हरं, चिकटवलेली लेबलं, पानांना क्रमांक.

मी पहिली वही उघडली आणि माझ्या पोटात गुदगुल्या झाल्या. असं फार क्वचित होतं. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत एकच निळी शाई, एकच पेन. पहिल्या जूनमधल्या नोंदीतलं अक्षर आणि पुढच्या वर्षीच्या नोव्हेंबरमधलं अक्षर तसूभरही वेगळं नाही. "आज गुडघाभर पाण्यातून फिरलो" असं जिथे लिहिलंय ते पान कोरं करकरीत, एक सुरकुती नाही. दुसरी वही तशीच. सातही तशाच. दोन वर्षांची वही हातात घेतली की कळते. तिचे कोपरे दुमडलेले असतात, चहाचे डाग असतात, मधेच पेन बदललेलं असतं. या वह्या आठवड्यापूर्वी लिहिलेल्या होत्या, हे मी शपथेवर सांगितलं असतं.

"या नोंदी रोजच्या रोज केल्यात?" मी विभागप्रमुखांना विचारलं.

"हो, हो, रोज," ते म्हणाले आणि हसले.

"याच वह्यांमध्ये?"

त्यांचं हसू गेलं. तेवढ्यात भिंतीजवळून एक मुलगी पुढे आली. चापून बांधलेली वेणी, बोटांना निळी शाई. मघाशी ओळख करून देताना तिचं गाव औसा तालुक्यातलं असं सांगितलं होतं. ती मराठीत म्हणाली, "मॅडम, एक सांगू का?"

आता हे लिहितानाही मला माझा राग येतो. मला वाटलं, आपली भाषा बोलून ही मुलगी मला गुंडाळायला बघतेय. कंपनीत असं व्हायचं. पुण्याकडचा कुणी चुकला की हटकून मराठीत सुरू करायचा. मी तिच्याकडे न बघता इंग्रजीत म्हटलं, "जे सांगायचं ते लेखी द्या." ती मागे सरकली.

अहवालात मी लिहिलं, क्षेत्रकार्याच्या नोंदी मागाहून तयार केलेल्या असून विश्वासार्ह नाहीत. अध्यक्षांनी दोनदा चष्मा काढून पुसला. "एवढं कडक लिहायलाच हवं का?" असं त्यांनी विचारलं. मी त्यांना एक-एक पान दाखवलं, शाई दाखवली, कोपरे दाखवले. माणूस सज्जन होता, पुरावा बघून त्याने पेन उचललं. तिघांच्या सह्या झाल्या.

एवढी मोठी चूक पकडल्यावर मला चार दिवस बरं वाटायला हवं होतं. उलट मी घरात येरझाऱ्या घालायला लागले. पुस्तक उघडायचं, मिटायचं. गॅसचं बटण बंद आहे ना, हे तीन-तीनदा बघायचं. आई खिडकीपाशी खुर्ची टाकून रस्ता बघत बसायची, ती म्हणाली, "अगं, बस की जरा. तुझ्याकडे बघून मला दम लागतो." काय खुपतंय ते मला सांगता येत नव्हतं. वह्या खोट्या होत्या याबद्दल मला शंका नव्हती. पण ते म्हातारे प्राध्यापक "हो, रोज" म्हणाले तेव्हा खोटं बोलणाऱ्या माणसासारखे दिसले नव्हते, आणि खोटं बोलणारी माणसं मी पुष्कळ पाहिली होती.

शनिवारी दुपारी दार वाजलं. तीच मुलगी. संस्थेच्या कार्यालयातून पत्ता मिळवून आली होती. मी काही म्हणायच्या आत आईने तिला आत घेतलं, पाणी दिलं, लाडू दिला. कितीतरी दिवसांनी घरी मराठी बोलणारं माणूस आलं होतं.

"कुठलं गं गाव तुझं?" आईने विचारलं. तिने सांगितलं. भूकंपानंतर ते नाव महाराष्ट्रात सगळ्यांना माहीत झालं होतं. आई एकदम हलक्या आवाजात म्हणाली, "कोण कोण होतं बाळा घरी?"

"सगळेच होते, आजी. मी तेवढी लातूरला हॉस्टेलवर होते."

आईने तिच्या पाठीवर हात ठेवला. मला कुठे बघावं ते सुचेना, म्हणून मी तिलाच विचारलं, "काय काम होतं?"

तिने पिशवीतून एक कागद काढून माझ्यापुढे ठेवला. माझंच सूचनापत्रक. "ही सही तुमचीच ना, मॅडम?"

"हो. मग?"

"मग आम्ही हे वाचूनच केलं की सगळं. खाडाखोड नको, शाई एक पाहिजे, नमुना एक पाहिजे. आमच्या कच्च्या वह्या म्हणजे नुसता चिखल होता. कुणी पेन्सिलीनं लिहिलेलं, कुणी पाकिटाच्या पाठीवर. मग सातही जणांनी पाच दिवस बसून पक्क्या वह्या उतरवल्या. सर म्हणले, अक्षर सुंदर काढा, पण एकसुद्धा आकडा हलवू नका."

शाळेपासून आम्ही सगळ्यांनी हेच केलं आहे. प्रयोगशाळेत काहीबाही खरडायचं, घरी येऊन पक्क्या वहीत सुवाच्य उतरवायचं, आणि मास्तरांनी पक्की वही तपासायची. मीसुद्धा इंजिनिअरिंगची चार वर्षं तेच केलं होतं. टेबलावर सात पक्क्या वह्या समोर असताना मला हे आठवलं नाही.

"कच्च्या वह्या कुठे आहेत?"

"रंगारी यायचे होते म्हणून खोल्या रिकाम्या केल्या. सुटे कागद, चिठोऱ्या ठेवू नयेत असं ह्याच्यात होतं. शिपायानं सगळं नेऊन जाळलं."

मला राग आला. तिचा नव्हे, पण निघाला तिच्यावरच. "मग त्याच वेळी सांगायचं होतंस!"

"सांगत होते की," ती म्हणाली. "तुम्ही म्हणलात, लेखी द्या."

आई माझ्याकडे बघत होती. मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि उगाच भांडी इकडची तिकडे केली. परत आले तेव्हा मी काय म्हटलं असेल? माफी मागितली असेल असं वाटेल. नाही. मी म्हटलं, "मला ती वस्ती बघायची आहे. उद्या." अजून माझी खात्री पटली नव्हती. पुरावा बघितल्याशिवाय माझं पान हलत नाही.

रविवारी सकाळी दोन बस बदलून आणि पुढे बरंच चालून आम्ही पोहोचलो. तळ्याच्या उतारावर पत्र्याची आणि विटांची घरं दाटीने उभी होती. मुलीला बघून चार घरांतून हाका आल्या. ती मोडक्यातोडक्या कानडीत बोलत होती आणि लोक तिच्या कानडीला हसत होते. तपासणीच्या दिवशी पक्क्या वहीतली काही घरं मी कागदावर टिपून घेतली होती, तो कागद बरोबर आणला होता, पडताळायला. पहिल्या घरात सहा माणसं, बरोबर. दुसऱ्यात लकव्याचा म्हातारा, बरोबर. तिसऱ्यात आंधळी सासू. तीही होती, दारातच बसली होती. पाचव्या घरानंतर मी कागद घडी करून पर्समध्ये टाकला.

एका वळणावर एक बाई लाकडी टेबलावर कपड्यांना इस्त्री करत होती. पाणी चढायला लागलं की आधी कुणाच्या दारी जायचं हे तिला पाठ आहे, असं मुलीने सांगितलं. बाईने मला आपादमस्तक न्याहाळलं आणि कानडीत विचारलं, "निम्म मनेल्ली एष्टु जन?" तुमच्या घरात किती जण? वस्तीत नवं कुणी राहायला आलं की ती हेच विचारायची. मी भाडेकरू नाही हे तिला माहीत होतं, पण प्रश्न सोडायला ती तयार नव्हती.

"दोघी," मी म्हटलं. "मी आणि आई."

चालता न येणारं कुणी? आई. घर खाली की वर? वर. जिना कसा? उभा. आग लागली, भूकंप झाला, तर आईला खाली कोण आणणार?

"मी."

"हेगे?" कशी?

खरंच, कशी? त्या जिन्यावरून, त्या वळणावरून? आई काही हलकी नव्हती. बाईने इस्त्री उचलून ठेवली आणि मुलीकडे बघून काहीतरी पुटपुटली. मुलगी खाली बघून हसली.

"काय म्हणाली?"

"म्हणली, ह्यांचं घर आधी लिहून घे."

परतीच्या बसमध्ये मला बसवेना. जागा असून मी उभी राहिले. मला लाज वाटत होती, नुसती लाज. मी मुलीला विचारलं, "पर्यावरणशास्त्राची पदवी मिळाली तर काय बिघडतं? ज्ञान तर तेच ना?"

"ज्ञान तेच की," ती म्हणाली. "पण मॅडम, मला आमच्या तालुक्याला जाऊन बसायचंय. नवीन घरं बांधायलेत तिथं, नुसती घरं. कोण म्हातारं कुठं झोपतं, कुणी विचारत नाही. मी विचारायला गेले तर साहेब म्हणणार, तू कोण? कागदावर या विषयाचं नाव असलं तर निदान खुर्ची देतील."

सोमवारी मी अध्यक्षांना फोन केला. अहवाल संस्थेच्या शैक्षणिक परिषदेकडे गेला होता, मागे घेता येत नव्हता. "वेगळं पत्र द्या," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात रागही नव्हता, त्यामुळे मला जास्तच लागलं. कच्च्या वह्यांमधलं एखादं पान तरी उरलंय का, हे बघायला मी विभागात गेले. काही नव्हतं. विभागप्रमुख खुर्चीवरून उठले, मला बसायला सांगितलं आणि स्वतः उभेच राहिले. मग फार संकोचून म्हणाले की कार्यालयातून त्यांना कुणीतरी सुचवलं आहे. बैठकीच्या आधी कच्च्या वह्या "सापडल्या", तर प्रश्नच मिटेल. मजकूर तर पक्क्या वह्यांत आहेच. तो फक्त पुन्हा कच्चा करायचा.

ते बोलत असतानाच माझं डोकं चालायला लागलं. मी सांगते ते ऐकून तुम्हाला माझ्याबद्दल काय वाटेल ते वाटो. मी म्हटलं, "एक पेन चालणार नाही. तीन-चार रंगांची शाई घ्या, मधे पेन्सिल. तारखा सलग नकोत. पावसातली पानं ओल्या फडक्याखाली ठेवून वाळवा. कोपरे..." खोटी वही कशी पकडायची हे ज्याला कळतं, त्याला ती कशी बनवायची हेही कळतं. मला त्या मुलांना वाचवायचं होतं, आणि आपण केलेलं निस्तरायची मला फार घाई झाली होती.

मुलगी दारात उभी होती. ती कधी आली ते मला कळलं नाही.

"मॅडम," ती म्हणाली, "असं केलं तर तुम्ही अहवालात लिहिलेलं खरं होईल."

विभागप्रमुखांना मराठी येत नव्हती, पण त्यांना समजलं असावं. ते खुर्चीत बसले आणि त्यांनी तिलाच विचारलं, "मग काय करायचं?"

"काही नाही," ती म्हणाली. "मॅडमनी खरं काय झालं ते लिहावं."

मी लिहिलं. आयुष्यात पहिल्यांदा मी स्वतःच्या कामावर शेरा लिहिला. सूचनापत्रक माझं होतं, त्यांनी ते अक्षरशः पाळलं, विद्यार्थिनी खुलासा करत असताना मी तो ऐकला नाही, वस्तीत जाऊन मी स्वतः घरं पडताळली आहेत आणि नोंदी खऱ्या आहेत. पत्रकाची प्रत जोडली. परिषदेच्या बैठकीत मला दहा मिनिटं बोलायला मिळाली. मी हेच पुन्हा सांगितलं. एक सदस्य म्हणाले, "मूळ वह्या नाहीत, म्हणजे पुरावा नाही. हे तुमचंच तत्त्व ना?"

निर्णय अर्धा लागला. चालू तुकडीला त्याच विषयाच्या नावाने पदवी मिळणार. नवे प्रवेश बंद. निर्णयपत्रात कारण दिलं होतं, त्यात माझं अहवालातलं वाक्यच उद्धृत केलं होतं. माझ्या पत्राचा उल्लेख "नंतर प्राप्त झालेले निवेदन" असा एका ओळीत होता. विभागप्रमुख त्या वर्षी निवृत्त झाले. त्या तीन खोल्यांत पुढे संगणक बसवले, असं ऐकलं.

मी कंपनीत काम करतच राहिले. सूचनापत्रक बदललं. कच्च्या नोंदी जपून ठेवाव्यात, हे पहिल्या ओळीत घातलं. लोकांना त्यात काही विशेष वाटलं नाही, आणि मीही कुणाला कारण सांगितलं नाही.

पदवी मिळाल्यावर मुलगी गावाकडे निघाली. जायच्या आधी एका सकाळी आईला भेटायला आली. नमस्कार करून झाला, चहा झाला, मग ती उठून दारापाशी गेली आणि जिन्याकडे बघत उभी राहिली.

"ताई," ती मला पहिल्यांदाच मॅडम सोडून म्हणाली, "हात नसलेली, हलकी खुर्ची आहे का?"

स्वयंपाकघरातली लाकडी खुर्ची आणली. तिने आईला तीत बसवलं, दोन जुन्या साड्या मागून पुढून घेऊन कमरेला आणि पायांना बांधल्या. आई म्हणत होती, "अगं, काय चाललंय तुमचं? मी काय गणपती आहे?" मला तिने मागे, पाठीच्या दांड्या धरून उभं केलं. स्वतः पुढे, खुर्चीच्या पायांशी, पाठमोरी नाही, तोंड आमच्याकडे करून. "खुर्ची मागं कलवा. अजून. घाबरू नका, आजी. ताई, तुम्ही पायरी बघू नका, माझ्याकडे बघा. मी म्हणले की एकच पायरी."

वळणावर खुर्ची अडकली आणि मी चिडले, हा जिनाच चुकीचा बांधलाय, असं काहीतरी बोलले. ती शांतपणे म्हणाली, "घाई तुम्ही करायलात. जिना तोच आहे. परत वर." आम्ही तीन पायऱ्या वर गेलो. पुन्हा उतरलो. दुसऱ्यांदाही माझा उजवा हात खाली गेला, तर पुन्हा वर. घरमालक ओट्यावरून आत येऊन खाली उभे राहिले होते. ते "सरी, सरी, बरोबर, अक्का, सावकाश" म्हणत होते. तिसऱ्यांदा वळण पार झालं. चौदा पायऱ्या. मी त्या घरात पाच वर्षं राहत होते आणि त्या मोजल्या त्या दिवशी.

खाली अंगणात ऊन होतं. खुर्ची टेकवून आम्ही दोघी धापा टाकत उभ्या राहिलो. मुलीने माझ्याकडे बघून मान हलवली, बरं जमलं अशी, आणि साड्यांच्या गाठी सोडायला वाकली. "हे घरमालकांनाही शिकवून ठेवा, ताई. तुम्ही ऑफिसात असलात तर?" मी हो म्हटलं. मग घाम पुसत आईला म्हटलं, "चल, आता वर न्यायचं तुला. पुन्हा तोच खटाटोप."

आई मान वर करून आमच्याच खिडकीकडे बघत होती, खालून. मग तिने चप्पल नसलेला पाय जमिनीवर टेकवला, मातीवर घासला.

"थांब गं जरा," ती म्हणाली. "आठ महिने झाले मला खाली येऊन. तू कधी विचारलंस?"